राजापेठेतलं लेझर आणि मावशीचे मांडे

माझ्या मावशीचा मांडा पाहिला नाही असा माणूस अकोल्याच्या जुन्या शहरात सापडायचा नाही. पाहिला म्हणतो मी. तो इतका पातळ असायचा की डोळ्यासमोर धरला तर मोर्णा नदीच्या पलीकडचं दिसायचं. एकदा वारा सुटला आणि तिचा एक मांडा उडून शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या धोतरांत जाऊन पडला. शेजाऱ्यांनी त्याची घडी घालून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी नेसायला काढलं तेव्हा निऱ्यांतून पुरण सांडलं म्हणतात. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की आता ती खरी झाली आहे.

मांडा करताना पोळपाट लागत नाही आणि लाटणंही लागत नाही. पुरण भरलेला गोळा या हातावरून त्या हातावर झेलायचा, कोपरं फाकवत जायचं, हात खांद्याच्याही वर न्यायचे. गोळा आपल्याच वजनानं पसरत पसरत पंचाएवढा झाला की चुलीवर उपड्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायचा. म्हणजे सगळा खेळ खांद्याचा. आणि नेमका तोच, उजवा, बंद पडला.

बंद म्हणजे कुलूपच. मावशीला स्वतःचा अंबाडा घालता येईना. हात कानापर्यंत काय, खांद्यापर्यंतही वर जाईना. आणि समोर होता अधिक महिना. मावशीच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न आदल्या वर्षी झालेलं, त्यामुळे जावयाचा हा पहिलाच धोंड्याचा महिना. तेहतीस अनारसे, चांदीचं निरांजन, सगळी तयारी झालेली. पण मावशीचा जीव अडकला होता मांड्यात. कारण जावई पुण्याचा, आणि लग्नाच्या पंगतीत त्यानं मावशीच्या देखत विचारलं होतं, "मांडे म्हणजे रुमाली रोटीच ना? हल्ली मशीनवर करतात बहुतेक."

त्यावर मावशी एक शब्द बोलली नाही. मावशी बोलली नाही म्हणजे काय, हे आमच्या घराण्यात सगळ्यांना कळतं. त्याच दिवशी तिनं ठरवलं होतं की या माणसाला आपल्या हातचा मांडा आपल्या हातानं वाढायचा. आणि आता मुलगी फोनवर म्हणत होती, "आई, तुझा हात दुखतो तर राहू दे. आपण श्रीखंड-पुरी बाहेरून मागवू." त्या दिवशी मावशी जेवली नाही.

मी राहतो अमरावतीला. राजापेठेत पहिल्या मजल्यावर माझे शिकवणी वर्ग आहेत, आठवी ते दहावी, विज्ञान. खालच्या मजल्यावर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी फिजिओथेरपीचा दवाखाना काढला होता आणि त्यात नवीन लेझर आणलं होतं. मी फोन उचलला आणि मावशीला सांगितलं, "मावशे, इकडे ये. आमच्या खाली असं यंत्र आहे की माणूस वाकून आत जाते अन् कोलांट्या मारत बाहेर येते. परवा आमचे वकीलसाहेब काठी टेकत गेले, बिनाकाठीचे बाहेर आले."

वकीलसाहेब काठी आत विसरले होते, तेवढं सांगायचं राहिलं.

मावशी मूर्तिजापूरमार्गे एसटीनं आली. एका हातात पिशवी, दुसरा हात पोटाशी धरलेला. संध्याकाळीच मी तिला खाली नेलं. तिच्या मनात लेझर म्हणजे तोफेसारखं काहीतरी होतं. निघाला जेवणाच्या डब्याएवढा पांढरा खोका, त्याला एक वायर आणि वायरीच्या टोकाला जाड पेनासारखी दांडी.

"हे?" मावशी म्हणाली. "एवढुसं? याच्याहून मोठा तर माहा मिक्सर हाय."

"आजी, हे कापायचं लेझर नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कमी ताकदीचं आहे. याचा उजेड कातडीतून आत जातो, दुखणं थोडं हलकं करतो. दुखणं हलकं झालं की व्यायाम करता येतो. खांदा मोकळा होणार तो व्यायामानं. आणि सगळ्यांना सारखाच गुण येईल असंही मी सांगत नाही."

इतकं खरं बोलणारा डॉक्टर मावशीनं जन्मात पाहिला नव्हता. ती माझ्या कानाशी लागली, "इले काई येत नसन रे."

मग दोघींनी डोळ्यांवर गडद हिरवे चष्मे चढवले. लेझरपाशी ते घालावेच लागतात. त्या चष्म्यात नऊवारीतली मावशी अशी दिसत होती की आता उठून विमानच चालवील. दांडी खांद्यावर टेकली, खोक्यातून बीप आला, थोड्या वेळानं दुसरा बीप आला, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झालं."

"काय झालं?"

"औषध दिलं."

"कवा?"

"आत्ता. तो लाल ठिपका दिसला ना, तो फक्त जागा दाखवायला. औषधाचा उजेड डोळ्याला दिसत नाही."

मावशी उठली, पदर सारखा केला आणि जिना चढता चढता मला म्हणाली, "दिसत नाई, लागत नाई, वास नाई, धूर नाई. अन् म्हने औषध देल्लं. असं औषध तर मी घरी बसूनई घेत होती."

मावशीच्या शास्त्रात औषधाला दोनच जाती. एक जिभेला कडू लागणारं, दुसरं अंगाला झोंबणारं. जे दोन्ही करत नाही ते सरबत. व्यायामाचं तर नावच काढायला नको. डॉक्टरीणबाईंनी तिला भिंतीसमोर उभं करून बोटं चालवत हात वर न्यायला सांगितलं, तर म्हणाली, "बाई, भिंतीवर पाली चढतेत. मी माणूस हाव."

असे तीन दिवस गेले. खांदा होता तिथंच होता. दुपारी माझे वर्ग रिकामे असतात, म्हणून मी तिला वरची किल्ली देऊन ठेवली होती. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत जरा पडून राहील, असा माझा साधा विचार.

चौथ्या दिवशी मी वर दहावीच्या पोरांना प्रकाश शिकवत होतो. मधेच खालून अशी किंकाळी आली की राजापेठेतल्या धावत्या स्कूटरी आपोआप न्यूट्रलमध्ये गेल्या. कोपऱ्यावरच्या कचोरीवाल्याची कचोरी कढईतून उडाली आणि फुगून परत कढईतच पडली. मी खडू टाकून धावत खाली गेलो. पाहतो तर डॉक्टरीणबाई पांढऱ्याफटक, आणि मावशी खांदा चोळत, पदर घट्ट लपेटून, हसून राहिलेली.

"पोरा, लागलं! चटका बसला! आत्ता कुठं औषध सुरू झालं, पाह्य."

"चटका बसूच शकत नाही," डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. त्यांनी दांडी स्वतःच्या मनगटावर धरून पाहिली. काही नाही. माझ्या दंडावर धरली. काही नाही. ताकद आणखी कमी केली आणि मावशीला उद्या यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब ओरडले. गुडघ्यावर चटका. मागोमाग कोपराच्या दुखण्यानं आलेल्या एक निवृत्त शिक्षिका ओरडल्या. तिसऱ्या दिवशी आणखी दोघं. आणि गंमत अशी की ओरडून झाल्यावर प्रत्येक जण खूश! "बम गरम लेझर हाय" अशी बातमी बडनेऱ्यापर्यंत पोचली. बाकावर जागा मिळेना. लोक जिन्यात रुमाल टाकून नंबर धरू लागले. एक गृहस्थ तर दुखणं काहीच नसताना आले होते, नुसता चटका पाहायला.

खूश नव्हत्या त्या एकट्या डॉक्टरीणबाई. त्या बिचाऱ्या दिवसभर यंत्राचं पुस्तक घेऊन बसायच्या. मी शेजारधर्म म्हणून एक-दोन सिद्धांत मांडले. एक असा की वऱ्हाडातल्या विजेलाच तिखट जास्त. दुसरा असा की आपलं अंग मुळातच उन्हानं भरलेलं, त्यात आणखी उजेड घातला की उतू जाणारच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सर, तुम्ही खरंच विज्ञान शिकवता?"

वकीलसाहेब म्हणाले, "मॅडम, गुण तर येऊन राहिला. पण नोटीस मी देईन. राग नका मानू, सवय आहे."

शेवटी नागपूरहून कंपनीचा माणूस बोलावला. त्यानं मीटर लावलं, खोका उघडला, बंद केला, आणि सांगितलं की यंत्र अगदी ठीक आहे. मग म्हणाला, ज्यांना चटका बसला त्यांना बोलवा, जागा दाखवा. यंत्र बंद होतं म्हणून चष्मे टेबलावरच राहिले. या दवाखान्यात ती पहिलीच वेळ असेल की सगळ्यांनी एकमेकांकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

वकीलसाहेबांनी पायजमा वर केला. गुडघ्यावर पाच काळेभोर ठिपके.

"हे काय?" कंपनीच्या माणसानं विचारलं.

"जन्मखूण," वकीलसाहेब म्हणाले.

शिक्षिकाबाईंच्या कोपरावर चार ठिपके. त्या छताकडे पाहू लागल्या. डॉक्टरीणबाई हळूच मावशीकडे वळल्या. "आजी, पदर जरा बाजूला घ्या." मावशीच्या खांद्यावर सात ठिपके, एका ओळीत, सारख्या अंतरावर.

"तीळ हायेत," मावशी म्हणाली.

"एका रांगेत?"

"आमच्या घरान्यात शिस्त हाय."

मला मात्र ते ठिपके पाहताक्षणी ओळखू आले. लहानपणी माझ्या पोटऱ्यांवर मावशीनंच घातले होते. बिब्बा! पाय मुरगळला, पाठ धरली, काहीही झालं तरी आमच्याकडे बिब्बा तापवून त्याचं काळं तेल काडीनं दुखऱ्या जागी टेकवायचं. झोंबतं, कधी उततंही, आणि डाग पुढे महिनोन्महिने राहतात. जुन्या शहरात मावशीचा बिब्ब्याचा हात नावाजलेला. पिशवीतून डबी घेऊनच ती आली होती. लेझरमध्ये दम नाही असं दिसल्यावर तिनं आपल्या पदरचा दम घातला. आणि बाकावर कण्हत बसलेले लोक पाहून तिचं मन द्रवलं, म्हणून एकेकाला वर नेऊन त्यांचीही सोय लावली. कुठं? माझ्या वर्गात! माझ्या टेबलावर पाय ठेवून वकीलसाहेबांनी बिब्बा घालून घेतला होता. मी विद्यार्थ्यांचे पेपर तपासत होतो त्याच टेबलावर.

काळ्यावर उजेड पडला की काळं तो पिऊन घेतं आणि तापतं. उन्हात काळा सदरा घालू नये तो याच कारणानं. हेच मी वर आठवीला दरवर्षी शिकवतो, पोरं पाठ करतात, आणि खाली आठवडाभर मी विजेच्या तिखटपणावर बोलत होतो. कमी ताकदीचं लेझर उघड्या कातडीला कळतही नाही, पण डांबरासारख्या ठिपक्यावर धरलं की टाचणी टोचल्यासारखं व्हायचंच. आणि चष्मे इतके गडद की त्यातून काळा ठिपका आणि गोरं अंग एकच.

"कावून केलं मावशे असं?" मी विचारलं.

"मले वाटलं, इचं औषध अळणी हाय, जरासं मीठ घालाव."

डॉक्टरीणबाई चिडल्या. चिडतील असं वाटलं नव्हतं, पण चिडल्या आणि चांगल्या चिडल्या. "आजी, ही चेष्टा नाही. कातडी भाजली असती, फोड आले असते, डोळ्यात तेल गेलं असतं तर? आणि या सगळ्यांच्या अंगावर तुम्ही विचारल्याशिवाय डाग पाडले."

"इचारून पाडले," वकीलसाहेब म्हणाले. मग आपण कोणाची बाजू घेतोय ते लक्षात येऊन पायजमा खाली ओढू लागले.

निकाल लागला. मावशीच्या खांद्यावर दोन ठिकाणी बिब्बा उतला होता. ती कातडी पुरती बरी होईस्तोवर लेझर बंद. मावशीनं डबी मुकाट्यानं टेबलावर ठेवली. अधिक महिन्यातल्या जेवणाला उरले होते बारा दिवस.

त्या संध्याकाळी मावशी स्वयंपाकघरात होती. फडताळाच्या वरच्या फळीवरून तिला मिठाची बरणी काढायची होती. हात वर गेला, खांद्याशी अडला. तिनं पुन्हा नेला, पुन्हा अडला. मी दारात उभा होतो हे तिला माहीत नव्हतं. तिनं हात खाली घेतला, आणि ज्या बाईनं आयुष्यात कोणाला एक भांडं मागितलं नव्हतं ती माझ्या बायकोला म्हणाली, "सूनबाई, तेवढी बरणी काढून देजो." पुढे वेगळ्याच आवाजात म्हणाली, "थ्या जावयाले श्रीखंडच खाऊ घाला आता."

मला थापा मारायला एरवी कारण लागत नाही. त्या वेळी एकही सुचली नाही.

सकाळी मी डॉक्टरीणबाईंकडे एकटाच गेलो आणि जावयाची, मांड्याची, श्रीखंडाची सगळी हकीकत सांगितली. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलं? आणा त्यांना."

मावशी आली, तोंड पाडून. डॉक्टरीणबाईंनी एक टॉवेल ओला करून पिळला आणि तिच्या हातांवर टाकला. "आजी, मला मांडा कसा करतात ते येत नाही. करून दाखवा."

"याचा?"

"याचाच. समजा हीच कणीक."

मावशीनं टॉवेलकडे पाहिलं, जसं एखाद्या भटजीनं प्लास्टिकच्या नारळाकडे पाहावं. पण हात कामाला लागले. या हातावरून त्या हातावर, कोपर फाकवून, मनगट वळवून. खांद्याशी आल्यावर तोंड वाकडं झालं.

"इथं अडतं?"

"इथंच मरते थे."

"मग इथंच थांबा. दम घ्या. आता दुखेल न दुखेल तेवढंच पुढे. झटका नको."

भिंतीवर पाल व्हायला तयार नसलेली बाई टॉवेलाचे मांडे करायला मात्र सकाळ-दुपार-संध्याकाळ तयार होती. दुसऱ्या दिवशी टॉवेल तिला हलका वाटू लागला म्हणून तिनं घरून कणीकच भिजवून आणली. दवाखान्यात कणकेचा सडा. बाकावरचे लोक आपलं दुखणं विसरून पैजा लावत, आज कानापर्यंत जाते की नाही. वकीलसाहेब टाळ्या वाजवायचे. डॉक्टरीणबाईंच्या केसांत पीठ, आणि त्या ओरडून राहिल्या, "आजी, मान वाकवू नका! हात वर न्या, मान खाली नाही!" इकडे बिब्बा वाळला, खपली पडली, नवी कातडी आली. मग शेवटचे तीन दिवस डागांना वळसा घालून, स्वच्छ जागेवर लेझर पुन्हा सुरू झालं. या वेळी मावशीनं आपणहून चष्मा लावला. तिसऱ्या दिवशी जिना चढताना म्हणाली, "रात्री कुशीवर झोपली मी. ठणका नव्हता तेवढा." आणि घाईनं पुढे जोडलं, "थंडी पडली असन." अधिक महिना होता. बाहेर अमरावतीचं ऊन माणसं भाजून राहिलं होतं.

जेवणाला आम्ही सगळे अकोल्याला. जावई झब्बा घालून पाटावर. मावशीनं चूल पेटवली, खापर तापवलं, गोळा उचलला. पहिला मांडा कानाच्या पातळीला गेला, तिथं खांदा अडला आणि मांडा मधोमध फाटला. पुरण चुलीत. मुलगी धावली, "आई, राहू दे गं." मावशीनं तिच्याकडे असं पाहिलं की ती मागच्या मागे स्वयंपाकघराबाहेर गेली.

दुसरा गोळा. या वेळी मावशीनं उजवा हात जाईल तेवढाच नेला, कानापर्यंत, त्यापुढे नाही, आणि बाकीचं सगळं डाव्या हातावर सोपवलं. मांडा गोल झालाच नाही. एका बाजूनं रुंद, दुसऱ्या बाजूनं चिंचोळा, अकोला जिल्ह्याचा नकाशा हातावर धरावा तसा. पण फाटला नाही. खापरावर पडला, फुगला, खमंग वास सुटला. मावशीनं तो स्वतःच्या हातानं उचलला, घडी केली, वर तुपाची वाटी उपडी केली आणि जावयाच्या ताटात वाढला. मग समोर उभी राहिली.

जावयानं घास घेतला. आम्ही सगळे श्वास धरून. माझा तर इतका धरलेला की अजून पुरता सुटलेला नाही.

"छान आहे," जावई म्हणाला.

"छान?" मावशी म्हणाली.

"म्हणजे... फारच छान."

तोवर तो दुसऱ्याला लागला होता. मग तिसऱ्याला. पाचव्याला त्यानं बोलणं बंद केलं. सहाव्यानंतर तो पाटावरून उठता उठता, पोट धरून, मनापासून म्हणाला, "आई, एक विचारू? हे नुसतं हातावर होतं कसं? मला वाटत होतं हे सोपं असेल."

"ये इकडं."

"आई!" मुलगी दारातून ओरडली. "धोंड्याचा जावई हाय थो! त्याच्याकडून काम करून घेतेत का?"

"काम कोन सांगून राहिलं? त्याले पाहाचं हाय, पाहू दे."

मावशीनं गोळा घेतला आणि जावयाच्या दोन्ही पालथ्या हातांवर ठेवला. गोळा लगेच घसरू लागला, मनगटावरून कोपराकडे, कोपरावरून नव्या झब्ब्याच्या बाहीकडे. जावई घाबरून हात वर वर नेऊ लागला, पुरण त्याच्या बगलेपाशी आलं, आणि दोन्ही हात आभाळाकडे करून तो तसाच उभा राहिला, पोलिसानं धरल्यासारखा.

"आता काय करू आई? खाली सोडू?"

मावशीनं त्याच्याभोवती एक चक्कर मारली. कोपराखाली बोट लावून पाहिलं. खांदा दाबून पाहिला.

"सोडू नोको," ती म्हणाली. "मान सरळ ठेव. अजून वर ने."